जुन्या जिप्सीला मोठे टायर? आधी हे गणित

मारुती जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५. म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, रिम १५ इंची. पूर्ण व्यास साधारण ६६८ मिलिमीटर भरतो. २३५/७५ आर १५ चढवला की तो ७३३ वर जातो. वाढ ६५ मिलिमीटरची दिसते, पण गाडी जमिनीपासून त्याच्या निम्मीच उचलली जाते. स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ने धावत असते. वाईजवळच्या पसरणी घाटात खरी परीक्षा होते : चढताना जुन्या इंजिनाची ओढ कमी पडते, उतरताना ब्रेकवर ताण वाढतो.

म्हणून वाईकरांनी २१५/७५ आर १५ वर थांबावे, असे मला मनापासून वाटते. व्यास ७०३, वेगातला फरक ५ टक्के.

नक्षी कुठली? पावसाळ्यात जोर खोऱ्यातल्या भातखाचरांकडे रोज जाणाऱ्याला खोल गट्टूंचा मड टायर हवा. मात्र ओल्या डांबरावर तो कमी धरतो, आवाजही करतो. इतरांना ऑल टेरेन पुरे.

बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर मडगार्डला किंवा पाट्याला घासतो का, ते पाहा. स्टेपनीही त्याच मापाची घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर मर्यादा आहेत; विमा कंपनीला आधी विचारा.