खुनी नव्हे, कोर्टच संशयित

युद्धकैद्यांच्या छावणीत खून झाला तर तपास करायचा कुणी? पोलीस नाहीत, कचेरी नाही, चारी बाजूंनी काटेरी तारा आणि बाहेर शत्रूचा पहारा. जॉन कॅट्झेनबाक या अमेरिकन लेखकाच्या १९९९ सालच्या 'हार्ट्स वॉर' या कादंबरीची मांडणी अशी आहे. जर्मनांच्या कैदेत असलेला व्हिन्सेंट बेडफोर्ड मारला जातो. वस्तूंच्या अदलाबदलीत तो इतका वाकबगार होता, की छावणी त्याला 'ट्रेडर व्हिक' म्हणूनच ओळखायची. संशय जातो लिंकन स्कॉट या कृष्णवर्णीय वैमानिकावर. कैद्यांमधलेच वरिष्ठ अधिकारी लष्करी खटला उभा करतात आणि आरोपीचा बचाव येतो टॉमी हार्टकडे. हा हार्ट म्हणजे कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून लढाईवर आलेला पोरगा.

लेखकाला हा विषय घरातच मिळाला होता. त्याचे वडील निकोलस कॅट्झेनबाक दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानावर नॅव्हिगेटर होते. १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि कैदेत पुस्तकांचा फडशा पाडत त्यांनी कॉलेजचा अभ्यास रेटला. पुढे ते अमेरिकेचे ॲटर्नी जनरल झाले.

या पुस्तकाबद्दल वाचकांचं एकमत होणं कठीण आणि त्याला कारण आहे. युद्धकथा, कोर्टकथा आणि रहस्यकथा अशा तीन जातींचं कलम केलेलं हे झाड. ज्याला जे फळ हवं ते मिळालं नाही की तो नाराज. छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरसारख्या वस्तीत असं पुस्तक हातोहात फिरलं तर काय होईल, याचा अंदाज बांधायला फार कष्ट पडत नाहीत. गारखेड्याच्या गजानन महाराज मंदिराकडून पुंडलिकनगरच्या रस्त्याला लागलं की नोकरदार, पेन्शनर, भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, सगळे एकाच गल्लीत भेटतात. फौजेतून परतलेला वाचक पहिल्या पन्नास पानांत हुद्दे आणि सलाम तपासेल. जालना रोडवरच्या खंडपीठात वकिली करणारी बाई उलटतपासणीवर बोट ठेवेल: असा प्रश्न विचारूच देत नाहीत! आणि लहानपणी बाबूराव अर्नाळकरांवर आणि नंतर सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासवर पोसलेला वाचक सरळ विचारेल, की खुनी कोण हे सांगायला इतकी पानं कशाला घालवली?

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण तिसऱ्याची तक्रार जरा तपासून बघण्यासारखी आहे, कारण लष्करी खटल्याच्या कथेत खुनी हा बहुधा खरा पेच नसतोच. पेच असतो कोर्टाचा. हे कोर्ट कुणी बोलावलं, त्यात कोण बसलंय, आणि निकाल आधीच कुणाच्या खिशात आहे का?

साध्या कोर्टात न्यायाधीश वेगळा, पोलीस वेगळे, सरकार वेगळं. कोर्ट मार्शलमध्ये आरोपी, फिर्यादी, साक्षीदार आणि न्याय देणारे सगळे एकाच गणवेशातले. आपल्या १९५० च्या सेना कायद्यात कोर्ट मार्शलचे चार प्रकार आहेत. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागतात. लढाईच्या धामधुमीत भरवल्या जाणाऱ्या समरी जनरल कोर्ट मार्शलला तीन पुरतात. हे अधिकारी कायदा शिकलेले असतीलच असं नाही, म्हणून जनरल कोर्ट मार्शलमध्ये शेजारी जज ॲडव्होकेट बसतो आणि कायद्याचा मुद्दा समजावून सांगतो. मतं घेताना सुरुवात सगळ्यांत कनिष्ठ सदस्यापासून करायची, म्हणजे साहेबाचं मत ऐकून खालच्याने आपलं मत फिरवू नये. या एका नियमात फौजेचा स्वभाव किती नेमका ओळखलाय! सगळं होऊन निकाल लागला तरी वरच्या अधिकाऱ्याने तो कायम केल्याशिवाय त्याला अर्थ नाही. या निकालांवर रीतसर अपील करायची सोय तर फार उशिरा झाली. त्यासाठीच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा आहे.

कादंबरीकाराला एवढ्या फटी पुरेशा असतात. पण काळ आणखी वाईट असेल तर फट राहतच नाही, आणि त्याचं उदाहरण पुंडलिकनगरहून रिक्षाने थोड्याच वेळात गाठता येतं. आजच्या क्रांती चौकाला जुनी माणसं काळा चबुतरा म्हणत. १८५७ च्या जूनमध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या छावणीतलं हैदराबाद कंटिंजंटचं, म्हणजे निजामाच्या नावाने ब्रिटिश अधिकारी चालवत त्या फौजेचं, पहिलं घोडदळ बिथरलं. पुण्याहून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला आणि संचलनाच्या मैदानावर घोडेस्वारांना शस्त्रं खाली ठेवायला सांगण्यात आलं. मीर फिदा अली या स्वाराने कॅप्टन ॲबटवर गोळी झाडली. त्याच्यावर तिथल्या तिथे झटपट कोर्ट मार्शल भरलं आणि त्याला फाशी दिलं गेलं. त्यामागून आणखी शिक्षा झाल्या, काहींना तोफेच्या तोंडीही दिलं. चौकाचं आजचं नाव त्या आठवणीतून आलंय.

यावर रहस्यकादंबरी लिहायला बसलं तर दुसऱ्या पानावर थांबावं लागेल. गोळी कुणी झाडली हे मैदानातल्या सगळ्यांनी पाहिलंय. बचावाचा वकील नाही, उलटतपासणी नाही, विचार करायला एक रात्रसुद्धा नाही.

याच्या अगदी उलट टोकाला आहे दिल्लीच्या लाल किल्ल्यातला आझाद हिंद सेनेचा खटला. असल्या कादंबऱ्या आवडणाऱ्या मराठी वाचकाने एकदा तरी त्याचं कामकाज वाचावं. ५ नोव्हेंबर १९४५ ला तो सुरू झाला. आरोपी तीन: शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल, गुरुबक्षसिंग धिल्लाँ. कोर्टात सात अधिकारी, त्यांतले चार ब्रिटिश आणि तीन हिंदी. अध्यक्ष मेजर जनरल ब्लॅक्सलँड. बचावाच्या बाजूला तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू, असफ अली आणि कित्येक वर्षांनी वकिलीचा गाऊन चढवलेले जवाहरलाल नेहरू. खरा भार मात्र भुलाभाई देसाईंवर होता. ते मुंबई हायकोर्टाच्या वकिलीत नाव कमावलेले. आणि समोर सरकारतर्फे उभे असलेले सर नौशेरवान इंजिनीअरही मुंबईच्याच मुशीतले. दिल्लीच्या किल्ल्यात जणू मुंबईच्या बारमधली जुगलबंदी चालली होती.

शाळेच्या पुस्तकात या खटल्याचं एकच कलम येतं, राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचं. पण आरोपपत्रात खुनाचीही कलमं होती, आणि तिथे हा खटला खऱ्या अर्थाने रहस्यकथेच्या वळणाने जातो. १९४५ च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशातल्या पोपा टेकडीच्या परिसरात आझाद हिंद सेनेतल्या मोहम्मद हुसेन या जवानाला पळून जाण्याच्या बेताबद्दल गोळी घातल्याचा आरोप होता. शाहनवाजवर त्या हत्येला चिथावणी दिल्याचं कलम लागलं. एका साक्षीदाराने तर सांगितलं, की गोळी झाडणाऱ्यांत मलाच जबरदस्तीने उभं केलं. धिल्लाँवर चार शिपायांच्या हत्येचा आणि सहगलवर त्याला चिथावणी दिल्याचा आरोप होता. तिथे बचावाचा मुद्दा वेगळाच: शिक्षा फर्मावल्याचा कागद असेल, पण ती अंमलात आली याचा पुरावा कुठाय? कागदावरचा मृत्यू आणि खरा मृत्यू यांतलं अंतर भुलाभाईंनी कोर्टापुढे मांडलं. त्याहून मोठा डाव त्यांनी कायद्याच्या मुद्द्यावर टाकला. परतंत्र लोकांना स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे, आणि असं सैन्य उभं राहिलं की त्यातल्या अधिकाऱ्याला देशांतर्गत कायद्याखालचा देशद्रोह लावता येत नाही, असा तो युक्तिवाद. प्रकृती ढासळलेली असताना ते दोन दिवस बोलले. पुढच्याच मे महिन्यात ते गेले.

निकाल बघा. युद्ध पुकारल्याबद्दल तिघेही दोषी. शाहनवाज हत्येच्या चिथावणीबद्दलही दोषी. सहगल आणि धिल्लाँ खुनाच्या कलमांतून सुटले. म्हणजे लष्करी कोर्टाने सरसकट वरवंटा फिरवला नाही, पुरावा तोलला. युद्धाच्या कलमाला शिक्षा दोनच, मृत्यू किंवा जन्मठेप काळं पाणी. कोर्टाने दुसरी दिली. मग ३ जानेवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिनलेकने काळं पाणी माफ केलं, बडतर्फी आणि पगारजप्ती तेवढी ठेवली. तिघे बाहेर पडले. बाहेर देश पेटला होता आणि हिंदी शिपायांच्या मनात काय चाललंय याची ऑकिनलेकला धास्ती होती. निकाल कायम करण्याचा तो अधिकार इथे असा कामाला आला. हाच शेवट कादंबरीत आला तर फौजी वाचक म्हणेल बरोबर, वकिलीणबाई म्हणतील कायद्याला धरून, आणि रहस्यवाला म्हणेल लेखकाने गुंडाळलं!

खुनी पहिल्या पानावर सांगूनही वाचकाला शेवटपर्यंत बसवता येतं, हे हिंदीत स्वदेश दीपक यांनी १९९१ च्या 'कोर्ट मार्शल' नाटकात दाखवलंय. रामचंदर हा जवान आपल्या अधिकाऱ्याला गोळी घालतो आणि ते नाकारत नाही. 'का?' या एका प्रश्नावर बचावाचा वकील कॅप्टन बिकाश रॉय सगळं कोर्ट हलवतो, आणि फौजेच्या शिस्तीखाली दडलेली जात उघडी पडते. प्रसंग युद्धाचा नाही, पण या प्रकारातल्या कुठल्याही पुस्तकाला लावायची कसोटी इथे तयार मिळते. 'हार्ट्स वॉर'मध्येही लिंकन स्कॉट दोषी आहे की नाही यापेक्षा, तो काळा आहे म्हणून खटल्याचं काय होतं, हे अधिक बोचतं. २००२ मध्ये ब्रूस विलिस आणि कॉलिन फॅरल यांना घेऊन निघालेला सिनेमा पाहून पुस्तकाबद्दल मत बनवणाऱ्यांनी एवढ्यासाठी तरी मूळ कादंबरी उघडावी. पानं मात्र भरपूर आहेत, आणि मधली शंभरेक कापली असती तर पुस्तकाचं काही बिघडलं नसतं.

मराठीत कोर्ट रंगभूमीवर केव्हाचं मुरलेलं आहे, तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ चं. आझाद हिंद सेनेच्या नेताजी सुभाषचंद्र बोसांवर विश्वास पाटलांची 'महानायक' १९९८ मध्ये आली. फौजेचं आतलं जग माहीत असलेला कादंबरीकारही या मातीच्या काठावर होऊन गेला: बेळगावकडचे मनोहर माळगावकर. ते स्वतः लेफ्टनंट कर्नल होते आणि सैनिकी जीवनावर त्यांनी १९६० मध्ये 'डिस्टंट ड्रम' लिहिली, पण इंग्रजीत. लाल किल्ल्याच्या त्या दालनात बसून, मोहम्मद हुसेनला नेमकं कुणाच्या हुकमाने मारलं हा धागा धरून लिहिलेली कादंबरी मात्र मराठी वाचकाला अजून हवी आहे. साक्षी छापील आहेत, उलटतपासण्या आहेत, दोन्ही वकिलांची भाषणं आहेत. ती कुणी लिहिलीच, तर पुंडलिकनगरातल्या त्या तीन वाचकांचं पुन्हा वाजेल. पण रहस्यवाल्याला या वेळी निदान पोपा टेकडीपर्यंत तरी गप्प बसावं लागेल.