होडी चोरीला गेली तर विम्याचे पैसे मिळतात का?

सकाळी खाडीवर जावं तर रात्री बांधलेली होडी जागेवर नाही. किंवा होडी आहे, पण मागचं इंजिन कोणीतरी सोडून नेलंय. दाभोळ, हर्णै, श्रीवर्धन, मुरुड-राजपुरी या पट्ट्यात आपल्या कितीतरी घरांत फायबरची एखादी छोटी होडी असते. कोणी ती घरच्यांना फिरवायला घेतलेली असते, कोणी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतो. बरेचदा त्यात भाऊ किंवा मुलगा गल्फमध्ये राबला त्याचे पैसे असतात, वर बँकेचा हप्ता चालू असतो. अशी होडी गेली की घरचे एकमेकांना धीर देतात, "विमा आहे ना, मग काळजी कसली?"

काळजी आहे, आणि ती आधी करायची आहे. क्लेम मंजूर होणार की नाही हे बहुतेक वेळा चोरीच्या रात्री ठरत नाही. पॉलिसी घेताना आपण काय लिहून दिलं, इंजिनाला कुलूप लावलं होतं का, नंबर आणि फोटो जपून ठेवले का, यावर ते ठरतं. म्हणून हा लेख होडी जागेवर असतानाच वाचा.

(विमा घ्यावा की नाही याबद्दलचं शरई मत उलमांना विचारावं, तो आमचा विषय नाही. ज्यांनी पॉलिसी घेतलेली आहे त्यांचा हक्क बुडू नये, एवढ्यासाठीच हे लिहितो आहोत.)

पॉलिसीत 'चोरी' म्हणजे काय?

मोटरसायकलच्या विम्याची आपल्याला सवय असते. होडीचा विमा वेगळा असतो, तो 'मरीन हल' या प्रकारात येतो. हौशी होड्यांसाठी लंडनच्या 'इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस' या १९८५ च्या कलमांचा नमुना वापरला जातो. त्यातली चोरीची अट आम्ही सोप्या भाषेत सांगतो.

अख्खी होडी चोरीला गेली तर भरपाई आहे. पण नुसतं बाहेरचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, गेलं तर भरपाई तेव्हाच, जेव्हा ते नेहमीच्या स्क्रू-बोल्टशिवाय वेगळ्या चोरीविरोधी कुलपानं होडीला पक्कं केलेलं होतं. किंवा इंजिन जिथे ठेवलं होतं ती जागा फोडून ते नेलं असेल तर. नुसत्या स्क्रूवर बसवलेलं इंजिन कोणी दोन मिनिटांत सोडून नेलं, तर कंपनी सरळ नाही म्हणू शकते. आणि इंजिन सुटून पाण्यात पडलं तर ती चोरीही नाही आणि या कलमांत त्याची भरपाईही नाही.

दुसरी अट वापराची. याच नमुन्यात होडी फक्त खाजगी हौसेसाठी वापरायची, भाड्यानं द्यायची नाही, असं लिहिलेलं असतं. कंपनीनं वेगळी परवानगी दिली असेल तरच सूट मिळते. आपल्याकडे सीझनमध्ये 'दोन फेऱ्या मारून घेऊ' असं सर्रास चालतं. पर्यटकांकडून पैसे घेत असाल तर प्रपोजल फॉर्मवर तसं लिहा. प्रीमियम थोडा वाढेल, पण क्लेमच्या वेळी मान खाली घालावी लागणार नाही.

तिसरी गोष्ट शब्दाची. काही पॉलिसींत नुसता 'थीव्ह्ज' हा जुना शब्द असतो. सागरी विमा कायदा १९६३ च्या परिशिष्टात या शब्दाचा अर्थ दिलेला आहे. पॉलिसीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर गुपचूप केलेली चोरी त्यात येत नाही, आणि होडीवरच्याच माणसानं केलेली चोरीही येत नाही. म्हणून एजंटला स्पष्ट विचारा, "रात्री कोणी गुपचूप नेली तर कव्हर आहे का? कुठल्या कलमात?" उत्तर ईमेलवर मागा. तोंडी "हो भाई, सगळं कव्हर आहे" याला काही किंमत नाही.

पावसाळ्याचे महिने

पर्यटकांच्या फेऱ्या साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. होडी वर ओढून ताडपत्रीनं, झावळ्यांनी शाकारून ठेवतात. तीन महिने तिकडे कोणी फिरकत नाही, आणि चोराला असाच निवांतपणा हवा असतो. या काळात इंजिन काढून घरात किंवा बंद खोलीत ठेवा. खोलीला कडी-कुलूप असलं की ती फोडल्याचा पुरावा राहतो, आणि क्लेमला तोच पुरावा लागतो. होडी बंद असताना ती कुठे ठेवायची हे पॉलिसीत लिहिलं असेल तर तिथेच ठेवा. जागा बदललीत तर कंपनीला कळवा.

आजच करून ठेवायची चार कामं

एक, इंजिनाचा सिरियल नंबर. तो इंजिन ज्या ब्रॅकेटनं होडीच्या मागच्या फळीला लागतं, तिथल्या पट्टीवर असतो. त्याचा स्पष्ट फोटो काढा आणि तोच नंबर पॉलिसीत आहे का ते पाहा. इंजिन बदललं असेल तर नवा नंबर आणि हॉर्सपॉवर कंपनीला लेखी कळवा.

दोन, होडीचे चारही बाजूंनी फोटो, कुलपासकट. नाव आणि नोंदणी क्रमांक ठळक रंगवा, शिवाय आतल्या बाजूला लपलेली एखादी खूण करून ठेवा. चोर बाहेरचा रंग बदलतो, आतल्या खुणेकडे त्याचं लक्ष जात नाही.

तीन, होडी, इंजिन आणि कुलूप यांची बिलं. जुनी होडी विकत घेतली असेल तर विक्रीचा कागद आणि नोंदणी आपल्या नावावर हवी. 'कागद मामूच्या नावावर, होडी माझी' अशा व्यवहारात क्लेम अडकतो.

चार, हे सगळं मोबाइलशिवाय घरातल्या दुसऱ्या एखाद्या माणसाकडेही असू द्या.

चोरी झाल्यावर

होडी चोरीला गेली की दोर सुटून वाहून गेली, हे आधी पाहा. दोर कापलेला दिसतो का, साखळी तुटलेली आहे का? काही न हलवता फोटो काढा. वाहून गेलेली होडीसुद्धा लगेच कळवायला हवी. ऑगस्ट २०२२ मध्ये 'लेडी हान' नावाची एक यॉट हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागली आणि तिच्यात रायफली सापडल्यानं सगळा किनारा हादरला. ती ओमानजवळच्या समुद्रात सोडून दिलेली, तिथून वाहत आलेली होडी निघाली. आपल्या नावावरची होडी कुठे, कोणाच्या हातात आहे हे आपल्यालाच माहीत नसेल, तर उद्या उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल. म्हणून विमा असो वा नसो, त्याच दिवशी खबर द्या. पोलिसांचा क्रमांक ११२, सागरी पोलीस हेल्पलाइन १०९३.

मग एफआयआर. नुसता तक्रार अर्ज किंवा 'हरवल्याची नोंद' चालणार नाही, चोरीचा गुन्हा दाखल व्हायला हवा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ चोरीचं आहे. 'ही हद्द सागरी पोलिसांची' असं ठाण्यात सांगितलं, तरी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, खबर नोंदवता येते आणि प्रत मोफत मिळते. नोंद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा. एफआयआरमध्ये होडीचा नंबर, इंजिनाचा नंबर आणि कुलपाचा उल्लेख आहे ना, हे वाचूनच सही करा.

त्याच दिवशी विमा कंपनीला फोन आणि ईमेल करा, क्लेम नंबर घ्या. सर्व्हेअर येईल तेव्हा त्याला फोटो, बिलं, एफआयआर द्या आणि दिलेल्या कागदांची यादी लिहून पोच घ्या.

चोर सापडला नाही तर पोलीस कोर्टात अहवाल देतात. महाराष्ट्रात गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, याला 'अ समरी' म्हणतात. कंपनी बहुतेक वेळा हा कागद मागते. 'ब' म्हणजे तक्रार खोटी, आणि 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. त्यामुळे कुठलं अक्षर लागतंय यावर लक्ष ठेवा. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, ती लेखी मागा.

एक गोष्ट मात्र करू नका. कुलूप नव्हतं तर 'होतं' असं सांगू नका, जास्तीचं सामान लिहू नका. सागरी विमा पूर्ण विश्वासावर उभा असतो. एक खोटी ओळ सापडली की खऱ्या क्लेमवरही पाणी पडतं, वर गुन्हा दाखल होण्याची वेळ येते.

क्लेम नाकारला तर

आधी कारण लेखी घ्या. 'उशिरा कळवलं' एवढंच कारण असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२० चा गुरशिंदर सिंग निकाल दाखवा. ट्रॅक्टरची चोरी होती, एफआयआर त्याच दिवशीची होती, कंपनीला मात्र ५२ दिवसांनी कळवलं होतं. एवढ्यावरून क्लेम नाकारता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं. निकाल वाहन विम्याचा आहे, होडीच्या पॉलिसीला जसाच्या तसा लागेलच असं नाही, पण मुद्दा मांडायला उपयोगी आहे.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात, मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा, तिथली मुदत दोन वर्षं. कमी रक्कम देऊन 'फुल अँड फायनल'वर सही मागितली तर घाईनं करू नका. बँकेचं कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातील, हेही घरात सांगून ठेवा.

सीझन सुरू होण्याआधी गावच्या जमातीनं एक संध्याकाळ यासाठी काढावी, असं आम्हाला वाटतं. ज्याची होडी आहे त्यानं पॉलिसी घेऊन यावं, इंग्रजी वाचता येणाऱ्या पोरांनी चोरीचं आणि वापराचं कलम मोठ्यानं वाचून मराठीत सांगावं. सगळ्या होड्यांचे फोटो आणि इंजिनांचे नंबर एका वहीत उतरवून ठेवावेत. एखाद्याची होडी गेलीच, तर त्याच तासात तो फोटो प्रत्येक बंदरावर पोहोचेल.