छायाचित्राची पारख

भोकरच्या हौशी छायाचित्रकाराने पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधब्याचे चित्र पुढे ठेवले असता 'छान' म्हणून त्याची बोळवण करणे, हे सौजन्य नसून माझ्या मते निव्वळ आळस होय. त्याला नेमके काय टिपायचे होते याची आधी चौकशी करावी. मग, फेसातील तपशील अतिप्रकाशाने पुसला गेला आहे एवढाच शेरा न मारता, सकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा जावे, प्रवाह दुधाळ हवा असल्यास तिपाईवर अर्धा सेकंद प्रकाश घ्यावा, असा उपायही सुचवावा. अशी पारख करायला मोठ्या शहरात जाणकारांची मंडळी एकत्र येते; १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या सभासदांत छायाचित्रकार डॉ. नारायण दाजी होते. तालुक्याच्या गावी मात्र लग्ने टिपणारा स्टुडिओवालाच परीक्षक, आणि त्याचा अभिप्राय, फटकळ असला तरी, बहुधा कामाचा असतो.