तेलात उतरणारा रंग

घरी गालांची लाली करायची म्हटलं की बहुतेकींचा हात आधी बिटाकडे जातो. बीट किसायचं, रस पिळायचा, खोबरेल तेलात कालवायचा. थोड्या वेळानं बघावं तर डबीत तेल वर, लाल पाणी खाली, आणि काही दिवसांत वर बुरशीची साय. बिटाचा यात काही दोष नाही. त्यातलं बेटानिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळणारं. तेलाशी त्याचं जमत नाही, आणि उष्णता किंवा उजेड लागला की ते फिकं पडतं. वाळवलेल्या बिटाची पूड घेतली तर बुरशीची भीती कमी होते, पण ती पूड तेलात विरघळत नाही, गालावर कण कण दिसतात. क्रीम ब्लश म्हणजे मुळात तेल आणि मेण. त्यामुळे रंग तेलात उतरतो की पाण्यात, एवढं आधी पाहिलं की पुढची निम्मी वाट सोपी होते. आणि तेलात उतरणाऱ्या रंगांमध्ये माझ्या लेखी रतनजोतीला तोड नाही.

गाल रंगवण्याची हौस फार जुनी. इजिप्तमध्ये तांबडा गेरू होता, युरोपात शिशाचा सफेदा आणि त्यावर पाऱ्यापासूनचा हिंगूळ असा जिवावरचा शृंगार चालला, आपल्याकडे लाखेपासून आळता होत असे. ब्रॉन्झर मात्र कालपरवाचा. १९२० च्या दशकात उन्हानं तांबूसलेली कांती युरोपात मिरवण्याजोगी ठरली आणि १९८४ मध्ये गेर्लां या फ्रेंच कंपनीनं ‘टेराकोटा’ ही पावडर बाजारात आणली. इतिहास एवढा पुरे.

आपल्या घरांत या कलेचं अर्धं शास्त्र कधीपासून आहे, हे मात्र सांगायलाच हवं. माझ्या आजीच्या फणेरपेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची छोटी डबी असायची. बोटाच्या टोकानं कपाळावर आधी मेण, मग त्यावर कुंकू. कोरडी पूड त्वचेवर टिकत नाही, मेणाला धरून राहते, घामानं ओघळत नाही, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. क्रीम ब्लशमध्ये आपण वेगळं काय करतो? रंग आणि मेण आधीच एकत्र करून डबीत भरतो, इतकंच.

आता रतनजोत. पुण्यात रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मी वर्षानुवर्षं जाते आहे आणि दर वेळी ही मुळी हातात घेतली की तितकीच हरखते. जांभळट काळी, वेडीवाकडी, साल जळक्या कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्यानं सुटणारी. सगळा रंग त्या सालीत असतो, आतला गाभा फिका. चिमूटभर साल पाण्यात टाका, पाणी जेमतेम मळकट होतं. तीच कोमट तेलात टाका. आधी एखादी गुलाबी रेघ सुटते, मग ती पसरते, आणि पाहता पाहता सगळं तेल डाळिंबी होतं. काश्मिरी रोगनजोशची लाली हीच. माक्याच्या केशतेलाला अनेक घरांत लाल रंग येतो तोही हिच्यामुळेच.

हे रंगद्रव्य आहे अल्कानिन. भूमध्य समुद्राकाठच्या अल्काना नावाच्या झुडपावरून ते नाव पडलं. आपल्या बाजारात रतनजोत म्हणून येतात त्या बहुतेक हिमालयातल्या ओनोस्मा आणि अर्नेबिया या वनस्पतींच्या मुळ्या, कूळ तेच. जपानमध्ये याच कुळातल्या मुळीपासून शिकोनिन काढतात. अल्कानिनचं ते आरशातलं रूप, डाव्या-उजव्या हाताइतकाच दोघांत फरक. जंगलातल्या मुळ्या पुरेनात, म्हणून १९८० च्या दशकात जपान्यांनी त्या झाडाच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून शिकोनिन मिळवलं आणि ते लिपस्टिकमध्ये घातलं. वनस्पतीच्या पेशी कारखान्यात वाढवून विकाऊ माल काढण्याच्या पहिल्या उदाहरणांत याची गणना होते. एका मुळीच्या रंगासाठी माणसानं केवढा उद्योग केला!

या रंगाची आणखी एक गंमत अशी, की आम्लात तो लाल राहतो आणि अल्कात निळ्याकडे झुकतो. लाली करून झाल्यावर बोटं साबणानं धुवा, बोटांवरचा डाळिंबी रंग डोळ्यांदेखत जांभळा-निळा होईल. म्हणूनच साबणाचा अंश राहिलेलं भांडं या कामाला चालत नाही.

रतनजोतीइतकंच प्रेम करावं अशी दुसरी वस्तू आपल्या सोलापूर-परभणीच्या शेतात उभी असते, ती म्हणजे करडई. विषय थोडा बाजूला जातो, पण करडईच्या फुलाबद्दल न लिहिता पुढे जाववत नाही. तिच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा भरपूर, तो पाण्यात लगेच निघून जातो. लाल, म्हणजे कार्थामिन, अगदी थोडा. पिवळा धुऊन काढायचा, मग राखेच्या निवळीसारख्या अल्कात लाल सोडवून घ्यायचा, आणि आंबट घालून तो खाली बसवायचा. जपानमधलं ‘बेनी’ हे ओठांचं नि गालांचं प्रसाधन असंच होतं. चिनी मातीच्या वाटीत सारवलेला त्याचा थर वाळला की चक्क हिरवा चमकतो आणि ओल्या कुंचल्यानं टिपला की लाल होतो. फ्रान्समध्ये हाच लाल रंग शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळून गालांसाठी विकला जाई. आपल्याकडे करडई म्हटलं की तेल आणि भाजी. काट्यांमुळे फुलं खुडायला मजूर धजावत नाहीत, पण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ‘नारी-६’ हा बिनकाट्यांचा वाण काढून तीही अडचण दूर केली आहे. या पाकळ्यांच्या लालीचा उद्योग महाराष्ट्रात उभा राहायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

परत डबीकडे. तेल आणि मेण यांच्या जोडीला मी शिया बटर न घेता कोकमाचं तेल घेते. सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात, कुठे मुठेल म्हणतात. माझ्या एका मामीकडे ते करताना मी पाहिलं आहे. कोकमाच्या बिया वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगलेला तवंग काढून थिजवायचा आणि कोमट असतानाच मुठीत दाबून त्याचे गोळे वळायचे. त्या फिक्या गोळ्यावर बोटांचे ठसे तसेच राहतात. थंडीत भेगाळलेल्या टाचांना हेच लावतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं, म्हणजे उन्हाळ्यात ते पाणीच. कोकमाचं तेल चाळिशीच्या आसपास वितळतं आणि मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना. पातळ तेल, कोकमाचं तेल आणि मेण या तिघांचा मेळ साधला की डबीत घट्ट राहणारी आणि बोटाच्या उबेनं सुटणारी लाली मिळते.

कृती अशी. बदामाचं किंवा तिळाचं ५० मिली तेल वाटीत घ्या. त्यात रतनजोतीच्या सालीचे तुकडे दोन चहाचे चमचे घाला. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास ठेवा. थेट आच नको, तेल जळतं आणि रंग तपकिरी होतो. तलम सुती कापडातून दोनदा गाळा. यातलं २० ग्रॅम रंगीत तेल, ५ ग्रॅम मेण आणि ५ ग्रॅम कोकमाचं तेल त्याच पाण्यावर वितळवा. खाली उतरवून चमचाभर आरारूट वस्त्रगाळ करून मिसळा, त्यानं चिकटपणा आणि चकाकी कमी होते. एक थेंब गार बशीत टाकून पाहा. फार मऊ वाटला तर चिमूटभर मेण आणखी, कडक वाटला तर थोडं तेल. नागपूरच्या मे महिन्यात मेण थोडं जास्तच लागेल. भांडी, चमचे, डबी सगळं कोरडं ठणठणीत हवं. पाण्याचा अंश नसेल तर या लालीला बुरशी धरत नाही, तिला धोका फक्त खवटपणाचा. ई-जीवनसत्त्वाचे दोन थेंब तो लांबवतात, पण जंतू मारत नाहीत.

ब्रॉन्झरसाठी हाच पाया, रंग कोकोचा. कोको तेलात विरघळत नाही, म्हणून बिनसाखरेची कोको पूड वस्त्रगाळ करायची, खलात थोड्या रंगीत तेलाबरोबर गुळगुळीत घोटायची आणि मिश्रण थिजायला लागेपर्यंत ढवळत राहायचं. नाहीतर सगळा रंग तळाला. दालचिनी घाला असं हमखास सांगितलं जातं. मी घालत नाही, ती गालाला चुरचुरते आणि काहींना पुरळ उठवते. रांगोळीच्या दुकानातला गेरूही चेहऱ्याला नको. मातकट लाल हवाच असेल तर प्रसाधनाच्या दर्जाचं आयर्न ऑक्साइड मिळतं, तेच घ्यावं. सावळ्या कांतीवर बाजारातला ब्रॉन्झर कित्येकदा राखी किंवा नारिंगी दिसतो, कारण तो गोऱ्या कातडीसाठी बेतलेला असतो. कोकोत रतनजोतीचं तेल मिसळलं की सावळ्या गालांवर ऊब येते. हा मेळ मला आपल्या रंगासाठी सर्वात उजवा वाटतो.

पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. मुरुमांची त्वचा असेल तर बदाम-तिळाच्या तेलाऐवजी खोबरेल घेणं टाळा. रतनजोतीच्या कुळात यकृताला त्रासदायक अल्कलॉइड असू शकतात, म्हणून ही लाली गालांपुरतीच ठेवा. ओठांना, चिरलेल्या त्वचेला आणि गरोदरपणात नको. डबीवर तारीख लिहा, सहा महिन्यांत संपवा, खवट वास आला की टाकून द्या. आणि दुकानात गेलात की भुकटी मागू नका, तिच्यात काय मिसळलंय ते कळत नाही. रतनजोत या नावानं काही ठिकाणी मोगली एरंडाच्या विषारी बियाही देतात, त्या मुळीच घेऊ नका. अख्खी मुळी मागा, नखानं साल खरवडा आणि तेलाच्या थेंबात टाकून पाहा. थेंब लाल झाला तरच पैसे द्या.