तुम्ही नसलेल्या खोलीत तुमची बाजू कोण मांडणार?



मागच्या व्हिडिओत आपण प्रोजेक्ट रिपोर्ट कसा तयार करायचा ते पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी. रिपोर्ट दिला, कागद दाखवले, प्रश्नोत्तरं झाली. आता साहेब चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "बरं, अजून काही सांगायचंय?"

आपल्यातले बहुतेक जण इथे काय म्हणतात? "नाही साहेब, तेवढं बघा जरा."

संपलं. शेवटची संधी हातची गेली.

या शेवटच्या पाच मिनिटांत काय बोलायचं, हे शिकायला आज आपण कोर्टात जाणार आहोत. कोर्टात या भागाला अंतिम युक्तिवाद म्हणतात. आणि त्याची खरी कसोटी लागायची ती ज्युरीपुढे.

ज्युरी म्हणजे काय?

पूर्वी मोठ्या फौजदारी खटल्यांत निकाल एकटे न्यायाधीश देत नसत. मुंबईत नऊ नागरिक बसायचे. कुणी व्यापारी, कुणी नोकरदार. दोन्ही बाजू ऐकून ते एका बंद खोलीत जायचे, आपसात चर्चा करायचे आणि बाहेर येऊन सांगायचे: दोषी की निर्दोष. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर आपल्याकडच्या फौजदारी खटल्यांतून ही पद्धत गेली. आज सातारच्या किंवा सांगलीच्या सत्र न्यायालयात गेलात तर युक्तिवाद न्यायाधीशांपुढेच होतो.

मग आपला ज्युरीशी काय संबंध? संबंध त्या बंद खोलीशी आहे. वकील कितीही हुशार असो, त्या खोलीत त्याला प्रवेश नसायचा. त्याची बाजू तिथे कुणीतरी ज्युररच मांडणार. म्हणजे शेवटच्या भाषणाचं खरं काम टाळ्या मिळवणं नव्हतं. आपल्या बाजूच्या ज्युररला आत गेल्यावर काय बोलायचं, ते पुरवणं हे त्याचं काम होतं.

आता बँकेचा विचार करा. जिल्हा उद्योग केंद्रातून तुमचा अर्ज बँकेत गेला. शाखेतले साहेब तुमच्याशी बोलले. पण बऱ्याच बँकांत मंजुरीचा निर्णय शाखेत होतच नाही, फाइल वर जाते. वरचे साहेब विचारतात, "यांना का द्यायचं?" त्या वेळी तुम्ही घरी असता, फाइलमध्ये फक्त शाखेच्या साहेबांनी लिहिलेल्या चार ओळी असतात. त्या चार ओळी कुठून येणार? तुमच्या शेवटच्या पाच मिनिटांतून.

टिळकांचे २१ तास

पहिला खटला १९०८चा. 'केसरी'तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती दावर. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि काही दिवसांत मिळून २१ तासांहून अधिक वेळ ते बोलले.

अडचण बघा. लेख मराठीत आणि ज्युरीतल्या बहुतेकांना मराठीचा गंध नाही! त्यांच्यासमोर होती ती सरकारी भाषांतरं. टिळकांनी अनुवादकाची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावर वाद घातला. मूळ मराठी शब्दाचा अर्थ एक आणि भाषांतरात उतरलेला भाव दुसरा, हे दाखवत राहिले. टिळकांचं संपल्यावर सरकारतर्फे ब्रॅन्सन बोलले, मग न्यायमूर्तींनी ज्युरीला खटला समजावून सांगितला. २२ जुलैच्या रात्री आठच्या सुमारास ज्युरी आत गेली आणि सव्वा तासाने बाहेर आली. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि टिळक मंडालेला गेले.

टिळक फक्त त्या नऊ जणांशी बोलत नव्हते, ते देशाशी बोलत होते. त्यामुळे त्यांचं यश-अपयश आपल्या फूटपट्टीने मोजायचं नाही. पण आपल्या कामाची एक गोष्ट इथे लख्ख दिसते: ऐकणाऱ्याला तुमची भाषा येत नसेल, तर तुमची बाजू त्याच्यापर्यंत दुसऱ्याच्या शब्दांत पोहोचते.

आपल्याकडे राष्ट्रीयीकृत बँकेचे साहेब कधी बिहारचे असतात, कधी आंध्रचे. "सौदे", "उधारी", "हंगाम" हे शब्द त्यांना तुमच्या अर्थानं कळतीलच असं नाही. तेव्हा मुख्य तीन वाक्यं हिंदीत पाठ करून जा. आणि मराठी येणाऱ्या साहेबांशीही त्यांच्या कामाच्या भाषेत बोला: हप्ता, स्वतःची गुंतवणूक, महिन्याची शिल्लक.

नानावटी आणि तो टॉवेल

दुसरा खटला १९५९चा. नौदलातले कमांडर नानावटी यांच्या गोळ्यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. बचाव असा की, झटापटीत पिस्तूल उडालं. लोकांची सहानुभूती नानावटींच्या बाजूनं, वर्तमानपत्रं तापलेली. ज्युरीचा निकाल आला: आठ विरुद्ध एक, निर्दोष.

पण सत्र न्यायाधीशांना हा निकाल पटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयानं नानावटींना दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढे राज्यपालांनी माफी दिली, तो भाग वेगळा.

वरच्या कोर्टात भावना टिकली नाही, पुरावा टिकला. आहुजा नुकते अंघोळ करून आले होते, कमरेला टॉवेल होता. झटापट झाली म्हणता, मग टॉवेल सुटला कसा नाही? आणि नानावटी दुपारी दीडला घरातून निघाले, गोळ्या झाडल्या गेल्या ४ वाजून २० मिनिटांनी. मग रागाच्या भरात क्षणात घडलं, असं कसं म्हणायचं?

साठ-पासष्ट वर्षं झाली, तरी लोकांना कलमं आठवत नाहीत, टॉवेल आठवतो. कारण तो डोळ्यांसमोर दिसतो आणि दुसऱ्याला एका वाक्यात सांगता येतो.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, डोळ्यांत पाणी आणून मिळवलेला होकार वरच्या टेबलावर टिकत नाही. "साहेब, घरची परिस्थिती फार वाईट आहे" हे ऐकून शाखेतले साहेब हळहळतील, पण वर पाठवायच्या नोंदीत ते काय लिहिणार? दोन, तुमच्या धंद्यातला 'टॉवेल' शोधा. असा एक ठोस पुरावा, जो कुणीही कुणालाही सांगू शकेल.

शेवटच्या पाच मिनिटांची मांडणी

१. त्यांच्या प्रश्नापासून सुरू करा. ज्युरीपुढे प्रश्न आरोपाचा असायचा, बँकेपुढे एकच असतो: हप्ता कुठून येणार? तुमचं स्वप्न, तुमची जिद्द हे सगळं त्या उत्तराच्या मागून येऊ द्या.

२. नवीन काही काढू नका. जे पुराव्यात आलंच नाही, त्यावर अंतिम युक्तिवादात बोट ठेवता येत नाही. तसंच इथे. उठता उठता "आणि पुढे हॉटेलचाही विचार आहे" म्हणालात, तर आधीचं सगळं डळमळलं.

३. दुखरी जागा स्वतःच दाखवा. समोरच्याच्या मनातली शंका तुम्ही आधी बोललात, तर उत्तरही तुमच्याच शब्दांत जातं. नाहीतर ती शंका बंद खोलीत निघते आणि तिथे उत्तर द्यायला कुणीच नसतं.

४. नेमकं मागा आणि थांबा. "काहीतरी बघा" ही मागणी होत नाही. रक्कम, मुदत, कशासाठी, एवढं सांगा आणि गप्प बसा. शांतता झाली की घाबरून बोलत सुटू नका.

५. एक पान ठेवून या. कायद्यातही ही सोय आहे. १९७३च्या संहितेचं कलम ३१४ सांगतं की तोंडी युक्तिवाद आटोपशीर हवा, आणि वेगवेगळ्या शीर्षकांखाली थोडक्यात लिहिलेलं टिपणही कोर्टाला देता येतं. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. वकिलाला चालतं, मग आपल्याला का नको? पान मात्र एकच.

आता बोलून बघू

समजा, तासगावच्या एका ताईंना बेदाण्याची प्रतवारी आणि पॅकिंग करायचं आहे. व्यापाऱ्यांचा माल घ्यायचा, किलोला ३ रुपये मजुरी. आकडे उदाहरणापुरते आहेत, मांडणी बघा:

"साहेब, तुमचा प्रश्न हप्त्याचा आहे. ८ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के धरले तर हप्ता साधारण १७,४०० रुपये येतो. महिन्याला १५ टन माल केला तर ४५,००० रुपये मिळतात. मजुरी, वीज आणि बाकीचा खर्च २२,००० जाऊन २३,००० उरतात. म्हणजे हप्ता भरून ५,६०० शिल्लक राहतात. तुम्ही म्हणाल, बेदाणा तयार होतो उन्हाळ्यात, मग वर्षभर काम कुठलं? बेदाणा तयार होतो उन्हाळ्यात, पण कोल्ड स्टोरेजमधून निघतो वर्षभर. ही तीन व्यापाऱ्यांची पत्रं. प्रत्येकानं महिन्याला किती माल देणार ते लिहून दिलंय, तिघांचा मिळून १५ टन होतो. मशिनसाठी ८ लाख मंजूर करावेत, एवढी विनंती."

किती वेळ लागला? मिनिटभर. इथला टॉवेल ओळखलात? ती तीन पत्रं! वरच्या साहेबांनी "का द्यायचं?" विचारलं, तर शाखेतले साहेब म्हणतील, "वर्षभराच्या कामाची तीन पत्रं आहेत हो त्यांच्याकडे." एवढं वाक्य त्या खोलीत पोहोचलं की ताईंचं काम झालं.

आणि पत्रं नसतील तर? मग भाषण घासूनपुसून काही उपयोग नाही. आधी व्यापाऱ्यांकडे जा, पत्रं आणा. शेवटचं बोलणं पुराव्याला आवाज देतं, नसलेला पुरावा तयार करत नाही.

आजचा गृहपाठ

सातारचे कंदी पेढे असोत, सांगलीची हळद असो की कुपवाडच्या एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप, आज रात्री वहीत तीन ओळी लिहा: माझ्या धंद्याबद्दल समोरच्याची सगळ्यात मोठी शंका कोणती? तिचं उत्तर देणारा कागद कोणता? आणि मी नेमकं किती मागणार?

मग घरातल्या कुणाला तरी एकदाच ऐकवा. अर्ध्या तासानं त्यांना विचारा, "मी काय म्हणालो, सांग बरं?" त्यांना सांगता आलं, तर तुमची तयारी झाली. नाही आलं, तर दोष त्यांचा नाही. पुन्हा लिहायला बसा.