नेटवर्क स्विचवरील खर्चाविषयी थोडेसे

या वर्षीच्या जमाखर्चात 'मॅनेज्ड स्विच व त्यांची मांडणी' हे कलम पाहून काही देणगीदारांनी पृच्छा केली आहे, आणि ती रास्तच आहे. रुग्णाच्या उशाशी न दिसणाऱ्या या यंत्रांवर दानाचा पैसा का खर्च करावा?

प्रयोगशाळेचा अहवाल वॉर्डात आणि क्ष-किरण प्रतिमा शस्त्रक्रियागृहात पोहोचते ती या स्विचमधूनच. एक वायर तुटल्याने काम अडू नये म्हणून मुख्य स्विच एकाहून अधिक मार्गांनी जोडलेले असतात. मात्र त्यामुळे वर्तुळ तयार होते. सर्वांना उद्देशून निघालेला संदेश त्या वर्तुळात फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सारे जाळे ठप्प होते.

अमेरिकन संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर 'स्पॅनिंग ट्री' ही तोड काढली. सर्व स्विच आपसांत संदेश पाठवून एकाला मूळ मानतात, तेथपर्यंतची एकेक वाट चालू ठेवतात आणि जादा वाटा मिटून घेतात. चालू वाट तुटली की मिटलेली उघडते.

ही व्यवस्था आपोआप चालते, हीच तिची मोहिनी आणि हाच धोका. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकोनेस मेडिकल सेंटरचे जाळे सुमारे चार दिवस कोलमडले होते. वर्षानुवर्षे एकाला एक जोडत गेलेल्या स्विचांची साखळी सातच्या शिफारस केलेल्या मर्यादेपलीकडे गेली होती. एका संशोधकाने जाळ्यावर सोडलेल्या प्रचंड माहितीचे निमित्त झाले. अहवाल हातोहात पोहोचवावे लागले, औषधे कागदावर लिहावी लागली. माहिती विभागाचे तत्कालीन प्रमुख जॉन हलाम्का यांनी ही हकीकत खुलेपणाने जगापुढे मांडली, हे त्या संस्थेचे मोठेपण.

मांडणीचा खर्च तो याचसाठी. प्रत्येक स्विचचा प्राधान्यांक कारखान्यातून ३२७६८ असाच येतो. तो कोणी बदलला नाही, तर सर्वांत लहान हार्डवेअर क्रमांकाचा स्विच मूळ ठरतो. तो बहुधा सर्वांत जुना, एखाद्या कोपऱ्यातल्या कपाटातलाही असू शकतो. म्हणून मध्यवर्ती स्विचला ४०९६ हा अंक दिला जातो. येथे लहान अंक श्रेष्ठ. वॉर्डातील संगणकांच्या जोडण्यांवर पहारा बसवला जातो. सफाईच्या वेळी कोणी लोंबती वायर सद्हेतूने भिंतीतील दुसऱ्या खोबणीत खोचली, तर तेवढीच जोडणी बंद होते, बाकीचे रुग्णालय चालू राहते. साध्या, स्वस्त स्विचमध्ये यातले काहीच करता येत नाही.

या कलमाबरोबर छापील केसपेपर व औषधपत्रकांचा किरकोळ खर्चही दिसेल. प्रत्येक वॉर्डात त्यांचा एक गठ्ठा राखून ठेवण्यात येतो.