‘ओफेल’ : विशेषनाम की सामान्यनाम?

प्राचीन यरुशलेमच्या नकाशांत दावीदनगर व त्याच्या उत्तरेचे मंदिराचे पठार यांमधील उंचवट्यास ‘ओफेल’ असे नाव दिलेले आढळते. त्यामुळे हे एका विशिष्ट स्थळाचेच नाव होय, असा समज रूढ झाला आहे. भाषेचा पुरावा मात्र निराळा आहे.

हिब्रू ‘ओफेल’ हा शब्द ‘फुगणे, वर येणे’ या अर्थाच्या धातूपासून झाला आहे. त्याचेच अनेकवचन १ शमुवेल ५ मध्ये पलिष्टी लोकांच्या अंगावर उठलेल्या गाठींना उद्देशून आले आहे. तेव्हा शब्दाचा मूलार्थ ‘फुगवटा’. भूमीच्या संबंधात ‘उंचवटा’.

यरुशलेमच्या संदर्भात या शब्दास बहुधा निश्चयवाचक उपपद लागते. हिब्रूत विशेषनामास सामान्यतः उपपद लागत नाही. स्थलनामास ते लागलेले दिसले, तर ते नाव मुळात सामान्यनाम असावे, असे अनुमान करता येते. या अनुमानास दोन आधार आहेत. पहिला, २ राजे ५:२४ मधील ओफेल. नामानाकडून मिळालेले द्रव्य गेहजी तेथे उतरवून घेतो. अलीशाचे वास्तव्य शोमरोनात असल्यामुळे हा ओफेल यरुशलेमचा असू शकत नाही. दुसरा आधार अधिक बळकट आहे. १८६८ मध्ये दीबोन येथे उजेडात आलेल्या, इ. स. पू. नवव्या शतकातील शिलालेखात मवाबचा राजा मेशा आपण ‘ओफेलचा तट’ बांधल्याचे सांगतो. २ इतिहास २७:३ मध्ये योथाम राजाच्या बांधकामाविषयी नेमका हाच शब्दप्रयोग आहे. दोन राज्ये, दोन निकटच्या भाषा आणि संज्ञा मात्र एकच.

हे ध्यानात न आल्याने भाषांतरकारांची कशी फसगत झाली, हे पाहण्यासारखे आहे. ‘अयिन’ऐवजी ‘आलेफ’ वाचल्यास हाच शब्द ‘अंधार’ या अर्थाचा होतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात गेहजी ‘अंधाऱ्या जागी’ पोहोचतो, तो या वाचनामुळेच. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात याच शब्दाला कोठे ‘बुरूज’, कोठे ‘किल्ले’, कोठे ‘बळकट ठाणे’ असे प्रतिशब्द दिले असून अन्यत्र ‘ओफेल’ हे नाव तसेच ठेवले आहे. परिणामी ही एकच संज्ञा आहे, हे वाचकास कळतच नाही.

‘बुरूज’ हा प्रतिशब्द तर विशेषच अपुरा आहे. नहेम्या ११:२१ प्रमाणे ओफेलवर मंदिराचे सेवक राहत असत. म्हणजे तेथे वस्ती होती. त्याभोवती तट होता, हे वर आलेच आहे. मराठीत ‘बालेकिल्ला’ हा शब्द सर्वांत जवळचा ठरेल. परंतु फारसी ‘बाला’मुळे त्यात ‘वरचा किल्ला’ हा अर्थ आधीपासूनच आहे. ओफेलमध्ये मुळात केवळ भूमीचा फुगवटा आहे, तटबंदीचा अर्थ त्यास वापराने चिकटला.

सारांश, ओफेल म्हणजे नगरातील तटबंद, वस्तीचा उंचवटा. यरुशलेमच्या नागरिकांना आपला ओफेल तेवढा ‘तो ओफेल’ वाटला आणि सामान्यनामाचे विशेषनाम झाले. स्थलनामावरून इतिहास सांगू पाहणाऱ्याने उपपदासारख्या लहानशा शब्दाकडेही दुर्लक्ष करू नये, हाच यातील बोध.